मास्तरांची पृथ्वी

२ मे

वन्सं,

तुम्ही बऱ्या असाल असं धरून चालते, कारण तुम्हाला आजारी पडायला वेळ कुठे असतो? इकडे देवाच्या दयेने सगळे ठीक. एक सोडून. तो एक म्हणजे तुमचे दादा.

फोनच केला असता, पण फोन यांच्या खुर्चीशेजारी आणि हे खुर्चीत. सुट्टी लागल्यापासून उठलेले नाहीत. शिवाय फोनवर बोललेलं हवेत जातं. कागदावर लिहिलेलं तुम्हाला नाकारता येणार नाही.

परवा शाळेत कागद आला. सगळ्या शिक्षकांनी उन्हाळ्यात संगणकाची कार्यशाळा करायची. शेवटच्या दिवशी आपल्या विषयाचा एक धडा संगणकावर तयार करून दाखवायचा. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्याला शाळा उघडल्यावर वर्ग नाही. मुख्याध्यापकांनी यांना वेगळं बोलावून सांगितलं, "मास्तर, नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नका. भांडारखोलीत बसा. नकाशे, बाकं, खेळाचं सामान बघा. पगार तोच." पगार तोच म्हणे! ज्या माणसाने जन्मभर सातवीचा भूगोल शिकवला, त्याने आता फुटबॉलमधली हवा बघायची.

हे घरी येऊन म्हणाले, "राजीनामा देतो." मी म्हटलं, "जरूर द्या. आणि दिवसभर मला स्वयंपाकघरात वाऱ्यांचे प्रकार शिकवा." तेव्हा राजीनामा राहिला. पण रात्री जेवले नाहीत. सातवीचा वर्ग गेला तर हा माणूस उभ्या उभ्या वाळून जाईल, वन्सं. मी बघतेय ना.

आता खरी गंमत. यांचं नाव आलंय ती कार्यशाळा घेणार कोण, तर तुम्ही! ज्या बहिणीला कान धरून पाढे शिकवले तिच्यासमोर बाकावर बसायचं. रविवारी निघतील. नाक केवढं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे. ते सांभाळून घ्या. शिकवा, नका शिकवू, मला त्याच्याशी देणंघेणं नाही. शेवटी प्रमाणपत्रावर सही तुमचीच ना? मग झालं. घरातलं माणूस घरच्याच हाती पडलं म्हणून मी देवाचे आभार मानून मोकळी झालेय. ते परत घ्यायला लावू नका.

तुमची वहिनी

८ मे

वहिनी,

नमस्कार. आधी तुमचं पत्र पोचलं, मागोमाग दादा पोचले. गाडीतून उतरताना मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर म्हणाले, "इथे मी तुझा दादा नाही. शिक्षक आहे. पिशवी सोड." वर्गात आले ते थेट शेवटच्या बाकावर, खांबाआड. खांबाआड कोण बसतं हे त्यांना काय मी शिकवायचं!

वहिनी, शिक्षकांइतके वाईट विद्यार्थी जगात सापडायचे नाहीत. चाळीस जण आहेत. पुढच्या बाकावर कुणी बसत नाही. शेजाऱ्याच्या पडद्यात डोकावतात. पाणी प्यायला एक उठला की सात उठतात. पी.टी.चे सर संगणक अडकला की शिट्टी वाजवतात. एक बाई कळफलकावर रुमाल टाकून बसतात, म्हणतात, "त्याच्याकडे बघितलं की मला घाम फुटतो." पहिल्या दिवशी मी विचारलं, "समजलं का?" चाळीस जण एका सुरात, "होऽऽ!" मी खूश होऊन फळ्याकडे वळले, तर मागून चित्रकलेच्या सरांचा आवाज, "काय समजलं हो?"

त्या दिवसापासून माझ्या वर्गात "समजलं का" हा प्रश्न बंद. जे शिकाल ते शेजाऱ्याला शिकवून दाखवा, मगच पुढे. दुसरा नियम, कुणी कुणाच्या माउसला हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही. म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून फिरते. समोरचा माणूस भलतीकडेच बाण नेत असतो, माझी बोटं शिवशिवतात; पण मी धरून दाखवलं की त्याचा हात सुटला तो सुटलाच.

आता दादा. दिवसभर ते माझं बोलणं वहीत उतरवून घेतात. अक्षर मोत्याचं. "माउस उजव्या हाताने धरावा", त्याखाली दुहेरी रेघ. पण अजून धरलेला नाही.

सही माझी आहे, हे खरं. ती दादांचा वर्ग वाचवायला दिलेली नाही, वहिनी. यांना येतं, एवढंच सांगायला दिलेली आहे. आलं की पहिली सही त्यांच्या कागदावर. नाही आलं, तर तुम्ही साक्षात देव आणून उभा केलात तरी नाही.

तुमची वन्सं

१३ मे

वन्सं,

देवाला मध्ये आणू नका. त्याला कामं आहेत.

तुमचं पत्र आणि यांचं पत्र एकाच दिवशी आलं. यांचं पत्र असं, "कार्यशाळा उत्तम चालली आहे. संगणकावर बराच हात बसला आहे. काही शिक्षक शंका विचारायला माझ्याकडेच येतात." मी ते शेजारणीला वाचून दाखवलं, समोरच्यांना दाखवलं, दूधवाल्यालाही सांगितलं. संध्याकाळी तुमचं पत्र उघडलं तर म्हणे माउस धरलेला नाही! तुम्हा बहीणभावांत खोटं कोण बोलतंय ते आधी ठरवा आणि मला कळवा. तोवर मी दूधवाल्याला तोंड कसं दाखवू?

बरं, नियम वगैरे वाचले. छान आहेत. पण माणूस बुडत असताना काठावर हात मागे बांधून उभं राहायचं, ही कुठली शिकवण? आमची आई म्हणायची, जिला पोहता येतं तिने आधी बाहेर काढावं, मग वाटेल तेवढं बोलावं. तुम्हाला जमत नसेल तर राहू द्या. ज्याची त्याला काळजी.

यांचे धुतलेले कपडे सोबत पाठवतेय. गाठोडं तुम्ही उघडू नका. यांच्याच हातात द्या. मोजे नीट घड्या करून ठेवलेत म्हणावं.

वहिनी

२० मे

वहिनी,

आनंदाची बातमी आधी. काल दादांनी माउस धरला! झालं असं की रुमालवाल्या बाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. दादांनी वहीतून वाचून त्यांना सगळं शिकवलं, आणि बाईंना ते आलं. बाई म्हणाल्या, "आता तुम्ही करून दाखवा मास्तर, नियम आहे." अडकले! कान लाल झाले. मग धरला, जिवंत उंदीर धरावा तसा. एक चित्र उचललं, ओढत ओढत पानावर आणून टाकलं. कुठे टाकायचं होतं आणि कुठे पडलं, ते सोडा. पण टाकलं. खांबाआडून माझ्याकडे चोरून बघितलं, मी बघतेय का म्हणून. मी खिडकीबाहेर बघत होते. रोज थोडं येतंय. वेळ मिळाला तर नक्की येईल.

वेळ मिळेल असं मात्र दिसत नाही. काल खात्याचे साहेब आले होते. म्हणाले, "मॅडम, चाळीस आले, चाळीस पास झाले पाहिजेत. वरपर्यंत कळवलंय. ज्यांचे धडे होणार नाहीत त्यांना तयार धडे द्या, फक्त नाव बदलायचं." मी म्हटलं, "साहेब, मग कार्यशाळा कशाला घेतली? नावंच बदलून पाठवायची होती." ते हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही फार ताणता."

ताणणार. उद्या याच शिक्षकांनी पोरांना सांगायचंय, दुसऱ्याचं बघून लिहू नका. कुठल्या तोंडाने सांगणार?

गाठोडं दादांच्या हातात दिलं. त्यांनी मोज्यात हात घातला, काहीतरी बघितलं, आणि तसंच परत ठेवलं. वहिनी, मोज्यात काय होतं?

तुमची वन्सं

३० मे

वन्सं,

मोज्यात काय होतं ते आता तुम्हाला कळलंच आहे, आणि तुम्ही त्याचं काय केलंत तेही मला कळलं. मुख्याध्यापकांचा इथे फोन आला. यांनी धडा दाखवला, साहेबांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, "हा धडा सगळ्या शाळांना पाठवा" असं म्हणाले. आणि ज्या एका माणसाने सही करायची, त्या माणसाने पेन उचललं नाही! तो माणूस कोण, तर यांची सख्खी बहीण. परका असता तरी लाजेने केली असती.

हो, पाठवली मी ती पेनड्राइव्ह. लेकीकडून करून घेतला धडा. एका संध्याकाळात केला पोरीने. पृथ्वी काय फिरते, सूर्य काय तळपतो, मागे बाई काय गोड बोलते! लेकीने बापासाठी केलं, बायकोने नवऱ्यासाठी पाठवलं. यात चोरी कुठे आली? घरातल्या घरात देणंघेणं ते! मी रात्री उठून यांचा घसा शेकते, तेव्हा तुमचा नियम कुठे असतो?

तुमच्या दादांनी तुमच्यासाठी काय केलं ते मी उगाळत बसणार नाही. तशी माझी सवय नाही. पण आठवा. एकदा आठवा.

हे उद्या येणार. बाकं मोजायला. तुमचं भलं होवो.

वहिनी

३ जून

वहिनी,

तुम्ही रागावून "भलं होवो" म्हणता, तेच मला सगळ्यात लागतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापक तिथे नव्हते, मी होते. काय झालं ते सांगते. निम्म्याहून जास्त जणांनी आपापले धडे स्वतः केले होते. वेडेवाकडे, पण स्वतःचे. पी.टी.च्या सरांच्या धड्यात माणूस उडी मारतो आणि खालीच येत नाही. त्यांना मी आनंदाने सही दिली. अकरा जणांनी साहेबांकडचे तयार धडे लावले. त्यांतल्या एकीला नावही बदलता आलं नव्हतं, तिच्या धड्यावर कुण्या भलत्याच बाईचं नाव झळकत होतं. आणि मग दादा उठले.

पृथ्वी फिरायला लागली. सगळे "वा वा" करायला लागले. आणि ती गोड बाई बोलायला लागली. वहिनी, माझी भाची मोठं वाक्य सुरू करण्याआधी नाकातून एक बारीक "हं" काढते, लहानपणापासून. "हं, पृथ्वी स्वतःभोवती फिरते. हं, म्हणून दिवस आणि रात्र होतात." जिला मी मांडीवर बसवून गोष्टी सांगितल्या तिचा आवाज मला कळणार नाही? मी दादांकडे बघितलं. टाळ्या पडत होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. आयुष्यात कुणी इतक्या टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्यांच्यासाठी, आणि त्यांना जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं.

सगळे चहाला गेल्यावर मी म्हटलं, "दादा, एवढंच करा. हे बंद करा आणि पुन्हा उघडून दाखवा. मी सही करते." त्यांनी माउसवरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "नको करूस सही." वहिनी, पेन मी उचललं नाही हे खरं. पण "नको" आधी त्यांनी म्हटलं.

साहेबांना मी सांगितलं, या बारा कागदांवर माझी सही मिळणार नाही. म्हणाले, "विचार करा, पुढच्या वर्षीच्या यादीत नाव हवं ना?" मी म्हटलं, "विचार केलाय." यादीतून नाव गेलं. जाऊ दे.

तुम्ही महिला मंडळाच्या खजिनदार. दुसरीने केलेली बेरीज न तपासता तुम्ही खाली सही कराल? मला उत्तर नका देऊ. स्वतःला द्या.

वन्सं

९ जून

वन्सं,

न तपासता मी माझ्या नवऱ्याच्या बेरजेवरही सही करत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे म्हणूनच तुम्ही ते लिहिलंत. लबाड आहात. राग अजून गेलेला नाही. तो बाजूला ठेवून लिहितेय.

हे आले. दोन दिवस मी आपली बडबडतेय, बहीण अशी, बहीण तशी. तिसऱ्या दिवशी ताटावरून एकदम म्हणाले, "मला विचारलं होतंस?"

"काय विचारायचं?"

"मला येणार नाही, असं तू कधी ठरवलंस?"

वन्सं, मी वाढता वाढता थांबले. मी म्हटलं, "मी तुमच्या भल्यासाठी..." तर म्हणाले, "तिने नापास केलं. तू तर परीक्षेलाच बसू दिलं नाहीस." आणि हात धुवून उठले. मी पुढे काही बोलले नाही. माझ्या जन्मात असं पहिल्यांदाच झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे गेले. सांगून टाकलं, तो धडा माझा नाही, लेकीचा आहे. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, हळू बोला! साहेब खूश आहेत, दुसरा कुणीतरी सही करायला तयार आहे, तुम्ही कशाला खपली काढता? आपलं ठेवायचं झाकून." हे म्हणाले, "झाकून ठेवायला मी काय मांजर आहे?" आणि खात्याला पत्र लिहिलं, माझी परीक्षा परत घ्या. त्यांचं बघून नाव बदलता न आलेल्या त्या बाईंनी लिहिलं; रुमालवाल्या बाईंची मैत्रीण म्हणे ती. मग आणखी एकाने. बाराच्या बारा! साहेब वैतागले असणार. पंचवीस तारखेला आपल्या कार्यालयात बोलावलंय सगळ्यांना. धडा तिथेच करून दाखवायचा म्हणे, तयार काही चालणार नाही. शिकवणी नाही, काही नाही. आम्हाला बुडवायचाच बेत दिसतो.

तर ऐका. आमची बाहेरची खोली मी रिकामी करतेय. दिवाण भिंतीला लावला, कपाट आत सरकवलं. लेकीने तिच्या ऑफिसातले जुने तीन संगणक मिळवलेत. तिला ताकीद दिलीय, यंत्रं दे आणि निघून जा, बोट लावायचं नाही. बाकीचे अकरा जण येणार आहेत. शेजारीण विचारत होती, "अहो, साहेबांनी टाळ्या वाजवलेल्या माणसाला कुणी परत बसवतं का परीक्षेला?" मी म्हटलं, "आमच्याकडे बसवतात."

शिकवायला माणूस नाही. या.

वहिनी

११ जून

वहिनी,

शनिवारी सकाळच्या गाडीने येते.

दोन गोष्टी आधीच सांगते. मी आता साहेबांच्या यादीत नाही, उलट त्यांच्या डोळ्यांत सलतेय. मी शिकवलं असं कळलं तर बाराही जणांचं अडेल. म्हणून कुणी विचारलं तर एकच उत्तर, घरी सराव केला. माझं नाव कुठेही येता कामा नये. माझ्यापायी दादांची सातवी गेली तर मला ते झेपणार नाही. हे सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

दुसरं तुमच्यासाठी. दादांचं अडलं की तुम्ही स्वयंपाकघरातून धावत येऊन सांगायचं नाही. कितीही हात शिवशिवले तरी.

आणि दिवाण कशाला हलवलात? त्याचा पाय मोडका आहे ना!

वन्सं

२७ जून

वन्सं,

तुम्ही बावीसला गेलात आणि घर एवढं मोठं वाटायला लागलं की मी दिवाण परत जागेवर आणला. त्याचा पाय मोडला. तुम्ही सांगितलं होतंत, मान्य.

आता बसा आणि सावकाश वाचा. मी स्वतः गेले होते यांच्यासोबत. शिपायाने जिन्यात बसायला सांगितलं. मी म्हटलं, "गुडघे दुखतात", आणि दारातच बाकड्यावर बसले. तिथून सगळं दिसत होतं.

बाराही जण स्वच्छ कपडे घालून, ओठ आवळून, पोरांसारखे ओळीने. साहेब टेबलामागे. बाजूला त्यांचा कारकून. एकेकाने उठायचं, धडा करायचा, दाखवायचा. तुमच्या रुमालवाल्या बाईंच्या मैत्रिणीने फुलाचे भाग दाखवले, पाकळ्या दोनदा पडल्या, तिने दोनदा उचलल्या. कुणाचं गाडं अडत होतं, कुणाचं पळत होतं. शेजारचा सांगायला पुढे सरसावला की बाकीचे अकरा एकदम "शूऽऽ!" कारकून दचकायचा.

यांची पाळी शेवटी आली. तुमच्यासमोर काढले ना आम्ही ते फोटो, माझ्या हातात खंड रंगवलेला बॉल आणि पलीकडे दिवा, तेच घेतले होते; फोटो आणायला परवानगी होती. ते एकामागून एक लावायचे की पृथ्वी फिरल्यासारखी दिसते. यांनी एकेक ओढून लावला. मी दारातून एकेक मोजत होते. लागले. चालू केलं. दिवस झाला, रात्र झाली. साहेब पुढे वाकले, "हा अंगठा कुणाचा?"

"बायकोचा," हे म्हणाले.

मी पदराआड हात लपवला.

साहेबांनी पुन्हा बघितलं. मग हसायला लागले. "मास्तर, तुमची पृथ्वी उलटी फिरतेय! सूर्य पश्चिमेला उगवतोय!" कारकूनही हसला. वन्सं, फोटो उलट्या क्रमाने लागले होते. भूगोलाचा मास्तर आणि सूर्य पश्चिमेला! माझ्या तोंडचं पाणी पळालं. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना.

साहेब म्हणाले, "असू द्या असू द्या, वय झालं. हा आमचा माणूस मिनिटात सरळ करून देईल." कारकून उठून माउसकडे हात नेतोय, तोच हे ओरडले. वर्गात ओरडतात तसे. "हात लावायचा नाही!" कारकुनाचा हात हवेतच राहिला. "पृथ्वी मी उलटी फिरवलीय. सरळही मीच फिरवणार. बसा खाली."

आणि कारकून बसला, वन्सं! साहेबही नीट बसले.

मग किती वेळ गेला कुणास ठाऊक. साहेबांचा चहा आला, निवला, त्यावर साय धरली. यांनी एक फोटो उचलला, भलतीकडे टाकला. परत उचलला. चष्मा काढला, पुसला, घातला. मी बाकड्याची कड धरून बसले होते. मला दिसत होतं कुठला फोटो कुठे जायला हवा! तुम्ही ते दिवसच्या दिवस कसं सहन करता, तुमचं तुम्हालाच माहीत. पण मी तोंड उघडलं नाही. आणि शेवटी चालू केलं, तर फिरली. अगदी बरोबर फिरली, अडखळत, पण पश्चिमेकडून पूर्वेकडे, फिरते तशी. बाकीच्या अकरांनी टाळ्या वाजवल्या. यांनी मागे वळून बघितलं. या वेळी चेहरा पांढरा नव्हता. आंब्यासारखा पिवळा नि लाल, दोन्ही झाला होता.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. झाले सगळे पास." कारकुनाने कागद वाटले. त्यात एक रकाना होता, प्रशिक्षकाचे नाव. कारकून म्हणाला, "तिथे नवीन मॅडमचं नाव लिहा, मी सांगतो." कोण नवीन मॅडम? कुणी तिचं तोंडही पाहिलेलं नाही.

आता, तुम्ही बजावलं होतंत. मी प्रत्येकाकडून कबूल करून घेतलं होतं. देवाची शपथ घालून. पण यांनी पेन उघडलं, तुमचं पूर्ण नाव लिहिलं, मोत्याच्या अक्षरात, आणि कागद पुढे सरकवला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही तेच लिहिलं. ही एवढी एक कॉपी मात्र झाली त्या दिवशी, ती मान्य करते.

कारकून कागद बघून गडबडला. साहेबांकडे नेले. साहेबांचा चेहरा उतरला. "हे नाव यादीत नाही. खोडा आणि परत लिहा."

कुणी हललं नाही.

"मास्तर, तुम्ही वडीलधारे आहात. एवढ्यासाठी वर्ग घालवणार? सोमवारी शाळा उघडतेय."

हे उठले. चष्मा सारखा केला. म्हणाले, "साहेब, ज्यांनी शिकवलं त्यांचं नाव लिहिलंय. मी पोरांचे पेपर तपासतो, माझ्या वर्गात खाडाखोड चालत नाही. तुम्हाला भांडारखोलीत बसवायचं असेल तर बसवा. बाराही जणांना बसवा. मग सोमवारी बारा शाळांत वर्गावर कोण जातं ते तुम्हीच बघा." आणि पेनाचं टोपण लावलं. टक्. मागून आणखी अकरा टोपणं लागली. टक्, टक्, टक्. वन्सं, इतका मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. फोनकडे बघितलं. माझ्याकडेही बघितलं, मीही बघितलं. मग निवलेला चहा एका घोटात प्यायले आणि पेन मागितलं.

यांची सातवी यांच्याकडेच. कागद इथे माझ्यासमोर ठेवलाय, उजेडात धरून पुन्हा पुन्हा बघते. तुमचं नाव वर आहे, वन्सं. साहेबांची सही खाली.

तुमची वहिनी